मशिदीतील गारवा कोणासाठी?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील एक जुमा. दुपारचा दीड वाजत आला होता. आमच्या मोहल्ल्यातील मशीद खालच्या दालनापासून गच्चीपर्यंत भरली होती. बयान संपले, खुतबा सुरू झाला. पहिल्या सफेत नेहमी मिहराबच्या उजव्या हाताला बसणारे एक बुजुर्ग, ज्यांना सारा मोहल्ला चाचा म्हणतो, शेजाऱ्याच्या खांद्यावर हळूच कलले. जमात उभी राहिली तेव्हा त्यांना उठता आले नाही. चार तरुणांनी त्यांना उचलून वुजूखान्याजवळ आणले, अंगावर पाणी घातले, पुठ्ठ्याने वारा घातला. अल्लाहची कृपा की अर्ध्या तासात ते सावरले. पण वर्षानुवर्षे पहिली सफ न सोडणारा तो माणूस पुढचे सारे जुमे घरीच थांबला.

त्या प्रसंगाने सगळेच हलले. पुढच्याच जुम्याला एसीसाठी चंद्याची घोषणा झाली. लोकांनी मोकळ्या हाताने दिले, आम्हीही दिले. सहा एसी बसले. यंदाच्या उन्हाळ्यात ते सुरू झाले आणि चाचाही परत आले. दोन जुमे त्यांनी पहिल्या सफेत काढले. तिसऱ्या जुम्याला ते दिसले ते बाहेर, चपलांच्या रॅकजवळच्या ओट्यावर, कडुनिंबाच्या सावलीत. आत एसीचा झोत थेट मानेवर येतो, सांधे आखडतात आणि गर्दी झाली की गुदमरते, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांच्या शेजारी बसलो. खरेच, तिथे वारा होता.

त्याच दिवशी घरी जेवताना आमच्या घरातील स्त्रियांनी दुसरी बाजू सांगितली. त्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली नमाज अदा करतात. तिथे दोन पंखे आहेत आणि ते गरम हवाच खाली ढकलतात. एसीच्या चंद्यात त्यांच्या बांगड्यांचेही पैसे होते. त्यांचा प्रश्न साधा होता: मशिदीत गारवा आला म्हणता, तो कोणासाठी आला?

या महिन्याचे सदर या प्रश्नावर आहे.

सोय मागणे म्हणजे चैन आहे का?

काही मंडळी म्हणतील, इबादतीच्या जागी कसली आली सोय? आपल्या वाडवडिलांनी उन्हातान्हात नमाज अदा केल्या, आपल्याला थंड हवा कशाला? या भावनेत निष्ठा आहे, तिचा आम्ही आदर करतो. पण आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांची पद्धत काय होती, हेही पाहिले पाहिजे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे की, उष्णता तीव्र झाली असता जुहरची नमाज थोडी थंडावा येईपर्यंत उशिरा अदा करण्यास प्रेषितांनी (स.) सांगितले. हजरत अनस (रजि.) सांगतात की, जमीन इतकी तापलेली असे की कपाळ टेकवणे अशक्य झाल्यावर सहाबा आपल्या कपड्याचा पदर पसरून त्यावर सजदा करीत. थंडीपावसाच्या रात्री लोकांनी आपापल्या मुक्कामी नमाज अदा करावी, अशी घोषणा करण्याची आज्ञाही हदीसमध्ये आहे. म्हणजे हवामानाचा त्रास दीनने नाकारलेला नाही. त्याची दखल घेऊन सवलत दिली आहे.

याहून बोलकी गोष्ट अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांना जुम्याच्या आंघोळीविषयी विचारले गेले. त्यांनी सांगितलेल्या हकिकतीचा आशय असा: सुरुवातीला लोक गरीब होते, अंगावर लोकरीचे कपडे असत, पाठीवर ओझी वाहण्याचे काम असे. मशीद लहान होती आणि तिचे छप्पर ठेंगणे होते. एका उष्ण दिवशी घामाने भिजलेल्या माणसांच्या दर्पाने एकमेकांना त्रास होऊ लागला. ते प्रेषितांच्या (स.) लक्षात आले तेव्हा त्यांनी या दिवशी आंघोळ करावी आणि जमेल ते तेल किंवा सुगंध लावावा असे सांगितले. पुढे बरे दिवस आले, लोकर गेली, कष्ट हलके झाले आणि मशीदही मोठी झाली.

हा प्रसंग आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. ठेंगणे छप्पर, दाट गर्दी, जाड कपडा, कष्टाने तापलेले शरीर, घाम. आज शास्त्रज्ञ बंद जागेतील उकाड्याची जी कारणे मोजतात, ती जवळपास सारी इथे आली आहेत. डेन्मार्कचे संशोधक ओले फँगर यांनी १९७० साली या विषयावर ग्रंथ लिहिला. माणसाला बरे वाटणे सहा गोष्टींवर अवलंबून असते, असे त्यांनी मांडले: हवेचे तापमान, आजूबाजूच्या भिंती आणि छताची उष्णता, हवेतील दमटपणा, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. एसीच्या रिमोटवर यांपैकी एकच आकडा दिसतो. बाकीच्या पाच गोष्टींकडे आपण पाहतच नाही, आणि बहुतेक मशिदींचे दुखणे तिथेच आहे.

उष्णता येते कुठून?

तीन ठिकाणांहून येते. पहिले ठिकाण डोक्यावरचे छत. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता संध्याकाळपासून रात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. असरला, मगरिबला बाहेर वारा सुटलेला असतो तरी आत डोके तापते, ते यामुळे. पत्रा तर लगेच तापतो आणि लगेच खाली आग ओततो.

दुसरे ठिकाण किबल्याची भिंत. याकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. महाराष्ट्रातून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक मशिदीची किबल्याची भिंत ही मावळतीची भिंत असते. दुपारनंतरचे तिरपे ऊन थेट तिच्यावर पडते. मिहराबमुळे तिला खिडक्या नसतात किंवा अगदी कमी असतात. इमाम साहेब आणि पहिल्या सफेतील बुजुर्ग या तापलेल्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभे असतात. असरनंतर त्या भिंतीला आतून तळहात लावून पाहा, म्हणजे आमचे म्हणणे पटेल. शिवाय कोकणात समुद्रावरून येणारा वारा पश्चिमेचाच. तो वाराही हीच भिंत अडवते.

तिसरे ठिकाण आपण स्वतः. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. जुम्याला ३०० माणसे असतील तर ३०,००० वॅट झाले. एक हजार वॅटच्या तीस शेगड्या एका खोलीत पेटवल्यासारखेच हे आहे. त्यात प्रत्येकाचा घाम आणि श्वास यांचा दमटपणा मिळतो.

जुन्या मशिदी काय सांगतात?

वीज नव्हती तेव्हाही उन्हाळा होता. तेव्हाच्या बांधणाऱ्यांनी काय केले, हे आपल्याच मुलखात पाहता येते.

गोव्यात फोंड्याची साफा मशीद १५६० सालची. जांभ्याच्या जाड भिंती, वर उतरते कौलारू छप्पर आणि शेजारी पायऱ्यांचा मोठा तलाव. कोकणातील कितीतरी जुन्या मशिदी याच पद्धतीच्या. कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जाते. मुंबईची जामा मशीद १८०२ साली पूर्ण झाली. ती एका जुन्या तलावावरच उभी आहे आणि त्याच पाण्यावर पिढ्यानपिढ्या वुजू होत आला. औरंगाबादच्या पाणचक्कीत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणले आहे. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे त्या दालनात भर उन्हाळ्यातही थंड वाटते. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील १३६७ सालच्या जामा मशिदीला तर सेहनच नाही, सारी मशीद छताखाली आहे. पण तिच्या बाजू बंद भिंतींच्या नसून रुंद कमानींच्या आहेत, म्हणून हवा खेळती राहते.

आणि सेहन! किबला पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडे सेहन इमारतीच्या पूर्वेला येते. दुपार कलली की मशिदीची स्वतःचीच सावली त्यावर पडते. असर आणि मगरिबच्या वेळी तिथे पाणी शिंपडून चटया टाकल्या की आत जाण्याची गरजच उरत नसे. आमच्या लहानपणी उन्हाळ्यातील मगरिब आम्ही दालनात अदा केल्याचे आठवत नाही.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत वस्ती वाढली, जागा अपुरी पडली. आपण सेहनावर पत्रे टाकले, मग स्लॅब टाकला. हौद बुजवून नळ बसवले. झाड तोडून मजला वाढवला. यात कोणाचा दोष नव्हता, माणसे मावत नव्हती. पण प्रत्येक वेळी सावली, वारा आणि पाणी यांतील काहीतरी कमी झाले आणि त्याची भरपाई आता आपण विजेने करू पाहत आहोत.

एसीचा हिशोब

एसीला आमचा विरोध नाही. विदर्भात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा काही जणांसाठी तो जीव वाचवणारा ठरतो. पण हिशोब करूनच पाऊल टाकावे.

एक टनाचा एसी सुमारे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. वरच्या ३०० माणसांची नुसती शरीराची उष्णता काढायलाच साडेआठ-नऊ टन लागतात. म्हणजे दीड टनाचे सहा एसी केवळ माणसांसाठी झाले. तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत आणि उघड्या दारातून येणारी हवा अजून बाकीच आहे. आमच्या मशिदीत नेमके हेच झाले. सहाही एसी चालू असताना जुम्याला उकाडा तसाच आणि खिडक्या बंद केल्यामुळे हवा कोंदट. त्यात तीन-तीनदा फ्यूज उडाला, कारण जुने वायरिंग आणि मंजूर वीजभार यांचा विचार कोणी केला नव्हता.

मशिदीचा वापरही घर किंवा कार्यालयासारखा नसतो. दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे. एवढ्या वेळात हवा थंड होते, पण छत आणि भिंती तापलेल्याच राहतात. लोक उठून गेले की सारा गारवा वाया जातो. जुहरला तीस-चाळीस माणसे असताना ३०० माणसांचे दालन थंड करणे हा तर उघड अपव्यय आहे. वुजूच्या पाण्यातही अपव्यय नको, ही आपली शिकवण. मग विजेत कसा चालेल?

काय करता येईल?

आम्ही अभियंत्यांशी बोललो, दोन-चार गावांच्या मशिदी पाहिल्या. त्यातून जे समजले, ते खर्चाच्या चढत्या क्रमाने देत आहोत.

पहिला उपाय वेळेचा आहे, त्याला एक पैसाही लागत नाही. एप्रिल-मेमध्ये जुहरची जमात थोडी उशिरा ठेवावी. हनफी मसलकात उन्हाळ्यात असे करणे पसंत केले आहे. कोकणातील शाफई वस्त्यांतही दुरून उन्हात चालत येणाऱ्यांसाठी ही सवलत मान्य आहे. आपल्या उलमांना विचारून वेळ ठरवावी. जुम्याचे बयान उन्हाळ्यात आटोपशीर असावे. नमाज दीर्घ आणि खुतबा छोटा असणे ही समजदारीची खूण आहे, अशी हदीस मुस्लिम संग्रहात आहे. मागे दुर्बल, आजारी आणि वृद्ध असतात म्हणून नमाजही हलकी ठेवण्याची आज्ञा इमामांना आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात संयुक्त अरब अमिरातीने जुम्याचा खुतबा आणि नमाज मिळून दहा मिनिटांत आटोपण्याची सूचना दिली. मक्का आणि मदिनेच्या दोन्ही पवित्र मशिदींतही त्या उन्हाळ्यात हा वेळ पंधरा मिनिटांवर आणला होता. ज्यांच्याकडे साधनांची कमतरता नाही, त्यांनी हे केले. मदिनेत मस्जिदे नबवीला थंड करणारे यंत्रघर मशिदीपासून सुमारे सात किलोमीटरवर आहे आणि बाहेरच्या प्रांगणात सावलीसाठी २५० प्रचंड छत्र्या आहेत. तरीही वेळ कमी करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

दुसरा उपाय छताचा. गच्ची स्वच्छ धुवून उन्हाळ्यापूर्वी पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, आतले तापमान दोन ते पाच अंशांपर्यंत उतरू शकते. अहमदाबादमध्ये २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले. हाच चुना पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून द्यावा. जागा असेल तर त्या बाजूला झाड लावावे, नसेल तर भिंतीपासून वीतभर अंतर सोडून बांबूची ताटी किंवा हिरवी जाळी बांधावी. ऊन भिंतीवर पडण्याआधीच अडले पाहिजे.

तिसरा उपाय हवेचा, आणि इथे मुलुखाप्रमाणे फरक आहे. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशात हवा कोरडी असते. तिथे सकाळी दहानंतर खिडक्या बंद ठेवाव्यात आणि इशानंतर वरचे झरोके उघडे ठेवून रात्रभर इमारत निवू द्यावी. चोरीची भीती असेल तर मजबूत जाळी बसवावी. तिथे कूलर उत्तम चालतो, पण समोरच्या बाजूची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमटपणा साचतो. वाळ्याचे पडदे आजही तितकेच उपयोगी आहेत. कोकणात आणि मुंबईत मात्र हवा आधीच दमट असते, तिथे कूलर म्हणजे पैसे पाण्यात. तिथे वारा हेच औषध. उत्तर-दक्षिण खिडक्या समोरासमोर उघड्या असाव्यात आणि छताजवळ गरम हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट फॅन असावा.

पंख्यांविषयी दोन गोष्टी. पंखा हवा थंड करत नाही, तो घाम वाळवून अंगाला गार वाटायला लावतो. म्हणून हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा वृद्धांना अपायही करू शकतो, अंग ओले असले तरच त्याचा उपयोग. दुसरे असे की, उंच घुमटाखाली उंचावर लटकणारा पंखा बसलेल्या माणसापर्यंत पोचत नाही. त्याची दांडी लांब करून तो सुरक्षित उंचीपर्यंत खाली आणावा, बाजूंनी भिंतीवरचे पंखे लावावेत. जुना पंखा ७०-७५ वॅट वीज खातो, नवा बीएलडीसी पंखा तेच काम साधारण ३० वॅटमध्ये करतो.

जाड सिंथेटिक गालिचे उन्हाळ्यात गुंडाळून ठेवावेत, फरशी धुवून चटया टाकाव्यात. सजद्यात कपाळाला जो गारवा लागेल त्याची किंमत शून्य आहे. गच्चीवरची काळी टाकीही विसरू नये. जुहरला नळातून येणारे कढत पाणी तिचेच. तिला पांढरा रंग द्यावा किंवा वर सावली करावी.

एसी घ्यायचाच असेल, तर दालनाचा एक भाग काचेने वेगळा करून दोन यंत्रांवर रोजच्या चाळीस माणसांची सोय होते. छताचे काम आधी करावे, यंत्र नंतर. तापमान २४ ते २६ वर ठेवावे. एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे भारत सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे. जमले तर सौरपट्ट्या बसवाव्यात. जुमा भर दुपारी असतो, ऊनही तेव्हाच असते, आणि पट्ट्यांची सावली स्लॅबवर पडते तो फायदा वेगळाच.

वरच्या मजल्यावरच्या भगिनी

आता घरातल्या त्या प्रश्नाकडे येतो. ज्या मशिदींत स्त्रियांसाठी जागा आहे, तिथे ती बहुधा सर्वांत वर, सर्वांत मागे आणि छताला सर्वांत जवळ असते. गरम हवा वर चढते हे शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. म्हणजे इमारतीतील सर्वांत तापलेली जागा आपण बुरखा पांघरलेल्या, कडेवर मूल असलेल्या, कधी गरोदर असलेल्या आपल्या बहिणींना देतो. जाणूनबुजून नव्हे, पण देतो. नियोजनाच्या बैठकीत त्यांच्यापैकी कोणी नसते, म्हणून हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आम्ही हे विश्वस्तांसमोर मांडले. सुरुवातीला थोडी कुरकुर झाली. मग आम्ही एकच विनंती केली: जुहरनंतर दहा मिनिटे वर येऊन बसा. तीन विश्वस्त आले. पाच मिनिटांतच एकाने रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "चला, खाली बसून बोलू." पुढच्या आठवड्यात पत्र्याखाली थर्माकोलचे छत लावण्याचे ठरत होते. थर्माकोल लवकर पेट घेतो म्हणून आम्ही हरकत घेतली. शेवटी पत्र्याला वरून पांढरा रंग, खाली बांबूच्या चटयांची हवा खेळती राहील अशी ताटी, दोन्ही टोकांना एक्झॉस्ट फॅन आणि पिण्याच्या पाण्याचा माठ, एवढे ठरले. खर्च एका एसीपेक्षा कमी आला. रंगाचे काम मोहल्ल्यातील मुलांनी एका रविवारी फजरनंतर केले. आता वर थंडी वाजत नाही, पण बसवते.

प्रसंग आलाच तर

इतके करूनही गर्दीत कोणाला त्रास होऊ शकतो. चक्कर, मळमळ, डोकेदुखी ही पहिली सूचना. अशा माणसाने जमात सोडून सावलीत बसावे, त्यात संकोच नको. बोलणे असंबद्ध झाले, अंग चटका बसावा इतके तापले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर कपडे सैल करून सर्वांगावर पाणी घालावे आणि वारा घालावा. काख, मान आणि जांघेत ओले कापड ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. प्रत्येक मशिदीत दोन-तीन तरुणांना हे शिकवून ठेवावे.

शेवटी

मशिदीत पुरेसा गारवा आहे की नाही, हे कसे ठरवायचे? आमच्या मते तंदुरुस्त तरुणाला विचारून ते कळणार नाही. पहिल्या सफेतील वृद्धाला विचारावे, वरच्या मजल्यावर मूल घेऊन बसलेल्या आईला विचारावे, दिवसभर त्याच इमारतीत राहणाऱ्या मुअज्जिन साहेबांना विचारावे, सुट्टीत नाजरा शिकायला येणाऱ्या लहानग्यांना विचारावे. यांना बरे वाटले तर सर्वांना वाटेल.

आणि एक सुचवावेसे वाटते. जुहर ते असर आपल्या बहुतेक मशिदी कुलूपबंद असतात. त्याच वेळी बाहेर रिक्षावाला, हातगाडीवाला, टपाल वाटणारा, बांधकामावरची बाई उन्हात उभी असते. त्यांचा धर्म कोणताही असो. मशिदीच्या ओट्यावर एक सावलीची जागा आणि गार पाण्याचा माठ त्यांच्यासाठी ठेवता येईल. पाणी पाजण्याचे पुण्य आपल्या दीनमध्ये किती मोठे आहे, हे वाचकांना सांगायला नको.

चाचा अजून ओट्यावरच बसतात. मागच्या जुम्याला त्यांनी आम्हाला विचारले, "किबल्याच्या भिंतीमागे रिकामी पट्टी आहे ना, तिथे कडुनिंब लावला तर?" आम्ही म्हणालो, "चाचा, त्याची सावली पडायला सात-आठ वर्षे लागतील." ते म्हणाले, "मग आजच लावू या." रोप आता गुडघ्याइतके झाले आहे. फजरनंतर चाचा स्वतः वुजूच्या तांब्याने त्याला पाणी घालतात. पुढच्या पिढीची पहिली सफ त्याच्या सावलीत उभी राहील, इन्शाअल्लाह.